बाळ अजून बसत नाही? वाट पाहा, पण तारीख टाकून

माझ्या मुलाचं बोरन्हाण झालं तेव्हा तो दहा महिन्यांचा होता. त्याच्या बरोबरीची सोसायटीतली तीन पोरं चुरमुरे, बोरं, गोळ्यांवर तुटून पडली होती. त्यातली एक तर पाटाखाली गेलेलं बोर काढायला पालथी पडून हात घालत होती. आमचा गडी हलव्याचे दागिने घालून माझ्या मांडीत टेकून बसलेला. मांडीतून काढून सतरंजीवर ठेवला की हळूहळू कलंडायचा. "अजून बसत नाही का गं?" हे मला त्या दिवशी पाच जणींनी विचारलं आणि पाचही जणींनी उत्तर स्वतःच देऊन टाकलं, "बसेल गं, आमचाही उशिराच बसला."

त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी मोबाइलवर नाही नाही ते वाचत होते. आता मागे वळून बघते तर कळतं की आम्ही ज्याची काळजी करत होतो ते ठीक होतं, आणि ज्याकडे बघायला हवं होतं ते महिनोन् महिने डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि थेरपीच्या बाकावर शेजारी बसलेल्या आयांकडून जे शिकले, ते नव्या आईबाबांसाठी क्रमाने लिहिते आहे.

आधी वय नीट मोजा

बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल तर विकासासाठी त्याचं वय जन्मतारखेवरून मोजायचं नाही. पूर्ण दिवसांचे ४० आठवडे धरायचे, बाळ जितके आठवडे आधी आलं तितके वयातून वजा करायचे. डॉक्टर याला करेक्टेड एज म्हणतात. माझा मुलगा ३४ आठवड्यांचा, म्हणजे सहा आठवडे आधी आलेला. बोरन्हाणाच्या दिवशी तो कॅलेंडरप्रमाणे दहा महिन्यांचा, पण बसण्या-रांगण्याच्या हिशेबात साडेआठचाच. हे गणित मला डिस्चार्जच्या वेळी कुणीतरी सांगितलं असणार. पण त्या दिवसात कानावर पडलेलं काहीच डोक्यात शिरत नव्हतं. फाइल पुन्हा उघडून किती आठवड्यांचं बाळंतपण होतं ते बघा आणि फोनमध्ये लिहून ठेवा.

साधारण दोन वर्षांपर्यंत हे दुरुस्त केलेलं वय धरतात. लसीकरण मात्र जन्मतारखेप्रमाणेच चालतं. तिथे वजाबाकी करून लस पुढे ढकलू नका. खाली मी जिथे जिथे महिने लिहिले आहेत, तिथे आधी जन्मलेल्या बाळासाठी हेच वय धरायचं.

मग खिडकी बघा, तारीख नाही

आपल्याकडे प्रत्येक घरात एक वेळापत्रक पाठ असतं. चौथ्यात पालथं, सहाव्यात बसतं, आठव्यात रांगतं, वर्षाचं झालं की चालतं. ते खोटं नाही, पण ते सरासरीचं वेळापत्रक आहे. सरासरीच्या पलीकडे निम्मी बाळं असतातच. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या निरोगी बाळांना महिनोन् महिने पाहून २००६ मध्ये एक तक्ता काढला. भारतातली बाळं दिल्लीची होती. त्या तक्त्यात प्रत्येक टप्प्यासमोर एकच आकडा न देता एक लांबरुंद खिडकी दिली आहे.

आधाराशिवाय बसणं: ३.८ ते ९.२ महिने
धरून उभं राहणं: ४.८ ते ११.४ महिने
गुडघ्यांवर रांगणं: ५.२ ते १३.५ महिने
धरून चालणं: ५.९ ते १३.७ महिने
एकट्याने उभं राहणं: ६.९ ते १६.९ महिने
एकट्याने चालणं: ८.२ ते १७.६ महिने

एकट्याने चालण्याच्या ओळीवर जरा थांबा. एक बाळ सव्वाआठ महिन्यांत चालतं, दुसरं साडेसतरा महिन्यांत, आणि दोन्ही निरोगी. मध्ये नऊ महिन्यांचा फरक, म्हणजे एक अख्खं गरोदरपण. जावेच्या मुलीने अकराव्या महिन्यात पाऊल टाकलं म्हणून आपल्या बाळाचं काही अडलं, असा अर्थ निघत नाही.

याच पाहणीत चार टक्क्यांहून थोडी जास्त बाळं गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. काही पोटावर सरपटतात, काही बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरतात आणि एक दिवस थेट उभी राहतात. ढुंगणावर सरकणारी बाळं बऱ्याचदा उशिरा चालतात आणि हे घराण्यात असू शकतं. त्यामुळे "त्याचा काका पण असाच सरकायचा" या आजीच्या वाक्यात थोडं तथ्य असतं. काका नक्की कितव्या महिन्यात चालला, ते मात्र तिला आठवत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये आपली यादी नव्याने केली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. हे बऱ्याच थेरपिस्टना पटलेलं नाही. माझ्या फिजिओला तर अजिबात नाही. रांगताना खांदे, कंबर आणि दोन्ही हातांचा मेळ जो पक्का होतो तो दुसऱ्या कशाने होत नाही, असं तिचं म्हणणं. मला त्यातलं कळत नाही, पण रांगायला जमिनीवर जागा ठेवण्यात तोटा काहीच नाही.

आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतीय बाळांचं मोजमाप भारतीय बाळांवरूनच करावं म्हणून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी मोठं काम केलं. त्यातूनच दासी नावाची चाचणी तयार झाली. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळासाठी हालचालीचे ६७ आणि बौद्धिक विकासाचे १६३ प्रश्न त्यात असतात. त्याच बडोद्याच्या कामावरून तिरुअनंतपुरमला १७ प्रश्नांचा छोटा तक्ता निघाला, तो टीडीएससी. डॉक्टरांनी यातलं नाव घेतलं तर दचकू नका. तज्ज्ञ बाळाशी खेळत खेळत करतात ती ही तपासणी. सुई नाही, मशीन नाही.

वही ठेवा आणि व्हिडिओ काढा

काळजी डोक्यात ठेवली की ती फुगते. कागदावर उतरवली की तिला आकार येतो. एक साधी वही घ्या. बाळाने नवीन काय केलं, कोणत्या तारखेला, एवढंच. "आज पाच सेकंद हात टेकवून बसला." "आज खुळखुळा या हातातून त्या हातात घेतला." दर पंधरा दिवसांनी मागचं पान बघायचं. टप्पे उशिरा येत असले तरी ओळीने येत असतील, तर ती एक गोष्ट. महिनाभर पान कोरं राहिलं तर ती दुसरी गोष्ट. डॉक्टरांना याच दुसऱ्या गोष्टीत रस असतो.

व्हिडिओ तर काढाच. दवाखान्यात बाळ झोपलेलं असतं किंवा रडतं, आणि डॉक्टरांना दहा मिनिटांत जे दिसतं त्यावरून ठरवावं लागतं. घरी बाळ भरल्या पोटी, खुशीत असताना फक्त लंगोटावर किंवा डायपरवर ठेवा. पाठीवर असताना, पोटावर असताना आणि बसवलेलं असताना प्रत्येकी अर्धा मिनिट शूट करा, एकदा समोरून, एकदा बाजूने. गोड आवाज काढत झूम करू नका. अख्खं अंग दिसलं पाहिजे.

आमचं खरं कारण फोटोंनीच उघड केलं. बोरन्हाणाचे फोटो बघताना बहीण म्हणाली, "ह्याचा मुकुट सगळ्या फोटोंत उजवीकडेच का घसरलाय?" आम्ही हसलो. मग मागचे फोटो उघडले. बारसं, उष्टावण, दिवाळीची पहिली आंघोळ. सगळीकडे मान उजव्या खांद्याकडे कललेली आणि तोंड डावीकडे वळलेलं. डोक्याचा मागचा भाग एका बाजूने चपटा. आम्ही समजत होतो की त्याला खिडकीकडे बघायची सवय आहे. मानेच्या एका बाजूचा स्नायू आखडलेला होता, याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत लक्षात आलं असतं तर थोड्या दिवसांच्या व्यायामात काम झालं असतं. दहाव्या महिन्यात जास्त वेळ लागला. मान मधोमध नसेल तर बाळाला बसताना तोल सांभाळणं जड जातं, हे नंतर कळलं. तेव्हा आजच जुने फोटो एकापाठोपाठ बघा. मान, डोक्याचा आकार, दोन्ही हात, दोन्ही पाय. डावं-उजवं सारखं आहे का, एवढंच बघायचं.

या गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका

तिसऱ्या महिन्यापर्यंत चेहरा बघून हसू नाही, नजर माणसामागे फिरत नाही. चार महिने होऊनही मान धरत नाही. चौथ्यानंतरही मुठी सतत आवळलेल्या आणि अंगठा आत. नऊ महिने होऊन गेले आणि आधाराशिवाय बसत नाही. वर्षाचं झालं तरी धरूनही पायांवर भार घेत नाही. दीड वर्ष झालं आणि चालत नाही. यातलं काहीही असलं तर याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या.

वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक गोष्ट एकाच हाताने घेत असेल आणि दुसरा हात नुसता पडून असेल, तर "डावखुरा होणार वाटतं" म्हणून कौतुक करू नका. या वयात डावं-उजवं ठरलेलं नसतं. न वापरलेल्या हाताची तपासणी हवी.

उचलल्यावर बाळ हातातून निसटेल इतकं मऊ लागतं, किंवा उलट लाकडासारखं ताठ होतं, डायपर बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, हेही दाखवायचंच. मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नसतील किंवा एक पाय कमी उघडत असेल तर खुब्याचा सांधा बघून घ्या. पायाळू जन्मलेल्या बाळांत, आणि त्यातही मुलींत, खुबा सरकलेला असण्याची शक्यता जास्त असते. लहान वयात ते सोनोग्राफीत कळतं आणि पट्ट्यावर भागतं. चालायला लागल्यावर लंगडणं दिसलं तर बहुधा ऑपरेशनची वेळ येते.

आणि तीन गोष्टींत एक दिवसही घालवू नये.

पहिली, येत असलेली गोष्ट जाणं. काल बसणारं बाळ आज बसत नाही, हसणारं हसेनासं झालं. उशिरा येणं वेगळं आणि आलेलं हरवणं वेगळं.

दुसरी, झटके. तीन ते आठ महिन्यांच्या आसपासचं बाळ झोपेतून उठताना अचानक पुढे दुमडतं, हात पसरतात, डोळे फिरतात. क्षणभरात संपतं, पुन्हा होतं, असं ओळीने पाच-दहा वेळा. घरातले म्हणतात पोट दुखतंय, दचकलं, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळा, पण त्याआधी व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे इन्फंटाइल स्पॅझम, म्हणजे तान्ह्या बाळांतले मेंदूचे झटके असतील तर उपचाराला झालेला प्रत्येक आठवड्याचा उशीर मेंदूला महाग पडतो.

तिसरी, अतिशय मऊ पडलेलं बाळ. डोळे टपोरे आणि हुशार, पण पाय बेडकासारखे पसरलेले, रडणं क्षीण, श्वास पोटाने. स्नायू दुबळे करणाऱ्या एका आनुवंशिक आजारात, एसएमएमध्ये (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी), असं दिसतं. पूर्वी यावर काही नव्हतं. आता औषधं आहेत, आणि ती जितकी लवकर तितकी उपयोगी.

घरात काय करायचं

बाळाला जमीन द्या. गोधडी अंथरा आणि त्यावर सोडा. झोळी, बाउन्सर, कारसीट, कुणाची तरी मांडी, यातच दिवस गेला तर बाळ हलणार कुठे? आमच्याकडे घर भरलेलं. आजी, आजोबा, आत्या, सगळ्यांना तो हातात हवा असायचा. प्रेमाने का होईना, त्याला जमीन लागतच नव्हती.

झोपताना बाळ पाठीवर, जागं असताना काही वेळ पोटावर. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, तीन-चार मिनिटं पुरतात, समोर तुम्ही पालथे पडून. रडलं तर उचला, पुढच्या वेळी पुन्हा. जमिनीवर नको असेल तर तुमच्या छातीवर पालथं घ्या, तेही चालतं.

वॉकरमध्ये बसवू नका. भेट आलेला असला तरी माळ्यावर टाका. बसायच्या चाकाच्या वॉकरने बाळ लवकर चालायला शिकत नाही. उलट चवड्यावर ढकलत फिरतं, जिन्यावरून पडतं, गरम चहापर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा ही वेगळी वस्तू. तो बाळ स्वतः उभं राहायला लागल्यावर ढकलायचा असतो, त्यात बसायचं नसतं. मागच्या पिढीला हे पक्कं ठाऊक होतं.

मालीश करा. बाळाला स्पर्श मिळतो, झोप लागते. मालीशवाल्या मावशींना एवढंच सांगा की पायांना धरून उलटं लटकवायचं नाही, सांधे कडकड वाजेपर्यंत ओढायचे नाहीत. तेलाने हाडं पक्की होतात असं मात्र नाही. पाय सरळ व्हावेत म्हणून दुपट्यात घट्ट ताठ बांधणं खुब्याला घातक आहे. हात गुंडाळा, पाय आत हलायला मोकळे ठेवा. कडेवर घेणं तर उत्तमच. दोन्हीकडे पाय टाकून बसलेल्या बाळाचा खुबा योग्य जागी राहतो.

"लवकर उभं करू नकोस, पाय फेंगडे होतील" हेही ऐकाल. दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाहेर वाकलेले असणं नैसर्गिक आहे, उभं राहिल्याने ते होत नाही. वाक वाढत चालली, मनगटं रुंद दिसू लागली, टाळू भरायला फार वेळ लागत असेल, तर मुडदुसाची शंका घ्यावी. त्यासाठीच पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब देतात. आपल्याकडे ऊन भरपूर आहे म्हणून थेंब चुकवू नका. फ्लॅटमधल्या बाळाच्या अंगावर ते पडतं कुठे?

डॉक्टरांकडे काय विचारायचं

"बाळ काहीच करत नाही" असं सांगितलं की उत्तर "करेल" असं येतं. त्याऐवजी वही उघडा. "दुरुस्त वयाने साडेनऊ महिने. हात टेकवून दहा सेकंद बसतो. गेल्या पाच आठवड्यांत पुढे काही नाही. डाव्या हाताने वस्तू घेत नाही." व्हिडिओ दाखवा. डॉक्टर "थांबू या" म्हणाले तर माझा एकच प्रश्न असतो: "किती तारखेपर्यंत? आणि तोवर काय दिसलं पाहिजे?" चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत, कॅलेंडर उघडतात. आम्हाला आधी एका ठिकाणी "फार गूगल करता तुम्ही" असं ऐकावं लागलं. मी डॉक्टर बदलले. नाराजी सांभाळायला वेळ नसतो अशा वेळी.

तपासण्या बाळाप्रमाणे ठरतात, पण काही नावं आधी माहीत असलेली बरी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, बी १२. श्रवणाची चाचणी, आणि आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली होती का, हेही विचारा. ऐकू किंवा दिसू कमी येत असेल तर बाळाला पुढे सरकायचं कारणच उरत नाही. मुलगा दीड वर्षाचा होऊनही चालत नसेल तर सीपीके नावाची रक्ततपासणी जरूर विचारा, स्नायूंचा डुशेन हा आजार त्यातून लवकर कळू शकतो. एमआरआय पहिल्या दिवशीच करायची गरज सहसा नसते.

बी १२ बद्दल जरा थांबून लिहिते, कारण आपल्या घरांत हे फार आहे. थेरपीच्या बाकावर माझ्या शेजारी एक आई बसायची. शुद्ध शाकाहारी, दूधही आवडत नाही, आठवड्याचे दोन उपवास. बाळ फक्त अंगावरच्या दुधावर, उष्टावण झालं तरी वरचं काही खायला तयार नाही. सात महिन्यांपर्यंत गुटगुटीत होतं, मग हसणं कमी झालं, मान पुन्हा डुगडुगायला लागली, केस तांबूस आणि विरळ, बोटांची पेरं काळी, हात थरथरायचे. आईलाच बी १२ कमी, तर दुधात कुठून येणार? इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही दिवसांतच ते पोर माणसांकडे बघून हसायला लागलं. बसता यायला मात्र महिने लागले, आणि अशी सगळीच बाळं पूर्ण भरून निघतात असं नाही. तुम्ही शाकाहारी असाल आणि अंगावर पाजत असाल, तर बाळाच्या आधी स्वतःची बी १२ तपासा.

मेंदूची वाढ करणारं सिरप, ताकदीचं टॉनिक, दूरच्या शहरातल्या कुणाची तरी स्टेम सेलची जाहिरात, हे सगळं तुमच्यापर्यंत पोचेलच. सेरेब्रल पाल्सीसाठी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत येणाऱ्या अडचणीसाठी, स्टेम सेल हा भारतात मान्यता असलेला उपचार नाही. दागिने मोडायच्या आधी हे वाक्य पुन्हा वाचा.

सरकारी वाट विसरू नका

खाजगी थेरपी परवडत नाही म्हणून थांबलेली घरं मी पाहिली आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं आणि विकासात उशीर हा त्यांच्या यादीतला ठरलेला विषय आहे. अंगणवाडी ताईंना किंवा आशा ताईंना पथक कधी येणार ते विचारा. त्यापुढची पायरी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ते बहुतेक जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, श्रवण आणि बोलण्याचे तज्ज्ञ एकाच छताखाली आणि मोफत असावेत अशी त्याची रचना आहे. सगळीकडे सगळी पदं भरलेली नसतात, तेव्हा जाण्याआधी कोणत्या वारी कोण असतं ते विचारून निघा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, आणि विकासाच्या अडचणींवरच काम करणारी उम्मीद ही संस्था २००१ पासून आहे. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. लसींचं कार्ड म्हणून आपण ते कपाटात ठेवतो, पण त्यात वाढीचा आलेख आणि विकासाचे टप्पेही असतात.

थेरपी म्हणजे घरचा अभ्यास

आठवड्यातून दोनदा पाऊण तास फिजिओकडे नेऊन बाळ सुधारत नाही. ती तुम्हाला शिकवते, करायचं घरीच. आम्हाला दिलेलं काम साधं होतं. खेळणं नेहमी उजवीकडून दाखवायचं, म्हणजे तोंड त्या बाजूला वळेल. पाळण्यातली उशा-पायथ्याची बाजू बदलायची. बरण्या-भांड्यांच्या फळीपाशी उभं राहायचं तेही त्याला ज्या कडेवर घेतल्यावर मान उजवीकडे वळवावी लागेल, त्या कडेवर घेऊन. मान ताणायचा व्यायाम डायपर बदलताना, प्रत्येक वेळी. वेगळा वेळ काढायचा ठरवलं की तो निघत नाही, रोजच्या कामाला जोडलं की होऊन जातं. व्यायाम करताना बाळ कुरकुरेल. पण दर वेळी किंचाळून निळं पडत असेल तर फिजिओला सांगा, पद्धत बदलता येते. "रडू द्या, त्याशिवाय होत नाही" म्हणणाऱ्यांपासून मी लांब राहिले.

बोरन्हाणानंतर दोनच आठवड्यांनी तो आधाराशिवाय बसला. रांगला वर्षाचा होऊन गेल्यावर. गौरी आणल्या त्या दिवशी साडेसतरा महिन्यांचा होता. सासूबाईंनी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. हा सोफा सोडून निघाला आणि त्या पावलांवरून फदाफदा चालत गेला, निम्मी पुसून टाकली. सासूबाईंनी पुन्हा काढली नाहीत.

आईचं काय

"तू गरोदरपणी नीट खाल्लं नाहीस." "ऑफिसला लवकर गेलीस." हे कुणीतरी बोलणारच. वाद घालू नका, कामाला लावा. मी सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेले, फिजिओने त्यांच्या हातात बाळ देऊन व्यायाम करून घेतला. त्या दिवसापासून घरातली सगळ्यात कडक मास्तरीण त्याच. बाबांनाही एका तरी भेटीला न्या. फोनवर ऐकलेलं आणि समोर पाहिलेलं यात फरक पडतो.

रात्र रात्र झोप नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, सारखं रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते स्वतःच्या डॉक्टरांना सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतून बोलता येतं.

आणि निदान झालंच तर

काही बाळांना उशिराचं नाव मिळतं. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा आणखी काही. नाव मिळालं म्हणून थेरपी थांबत नाही, उलट मेंदू कोवळा असतानाच तिचा उपयोग जास्त. सोबत कागदांचं काम सुरू करा, कारण ते वेळखाऊ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार येतात. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. प्रत्येक भेटीचा कागद, प्रत्येक बिल, प्रत्येक रिपोर्ट तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावा आणि मूळ कागद कुणाकडेही सोडू नका, झेरॉक्स द्या. बाकावरच्या त्या आईने हे मला शिकवलं. तिच्या फाइलला एक दोरी बांधलेली होती आणि दोरीला पेन.